क्लीनरूमची फरशी आणि तिघांचा कट

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (आठांपैकी सात अंगांचाच धर, उजवा गुडघा सध्या जमिनीला टेकत नाही, कारण गेले चार महिने तो जमिनीवरच होता. खुलासा पुढे येईल). तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला, की त्यांनी तुला तसं नुसतं सांगितलंय? तुझं मागचं पत्र पोचलं. पाकिटाचा डावा कोपरा जरा सुटलेला होता, तेव्हा तुमच्याकडचा पोस्टमन बदललाय का ते कळव. आत तू ‘इकडे सगळं छान आहे’ एवढंच लिहिलंयस. मी ते तीन वेळा वाचलं. सगळं छान असलेल्या घरातून अर्ध्या पानाचं पत्र येत नाही, ताई. काय लपवते आहेस ते मोकळेपणानं लिही. इकडे सगळं छान आहे.

आता मुख्य गोष्ट. आमच्या कारखान्यात डोळ्यांत घालायचे थेंब होतात हे तुला ठाऊक आहे. ते ज्या खोलीत बाटल्यांत भरतात तिला क्लीनरूम म्हणतात. तिथली हवा गाळून येते, आणि माणूस आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात शिरतो. दिसतात फक्त डोळे, तेही चष्म्यामागे. (माझ्यासारख्याला ही शिक्षाच आहे. समोरचा खरं बोलतोय की खोटं हे मला ओठांच्या कोपऱ्यांवरून कळतं, आणि तिथे ओठच नसतात.) या खोलीत आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाई, ज्यांना सगळे पाठीमागे जंतूबाई म्हणतात, रोज जेलीच्या उघड्या तबकड्या ठेवतात. हवेतून जे पडतं ते त्या जेलीत उगवतं आणि बाई ते मोजतात. खोली चांगली असली तर काही उगवत नाही. यंदा उगवलं. हिरवट बुरशी, दर आठवड्याला, आणि दर वेळी दारापासून दूरच्या त्याच कोपऱ्यात. थेंबांच्या दोन खेपा फेकून द्याव्या लागल्या. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात बुरशीचा थेंब गेला तर तो डोळा जातो, इथे ‘चालून जाईल’ असं म्हणता येत नाही. मालकांनी खोलीला कुलूप लावलं, भरणीवरची चाळीस माणसं बाटल्यांना लेबलं लावायला बसवली, आणि चार महिन्यांनी तपासनीस येणार होते.

जंतूबाईंनी लेखी कळवलं की दोष जमिनीत आहे. टाइल्सच्या सांध्यांत बुरशी बसली आहे, तेव्हा सांधे नसलेली जमीन करा, आणि ती करण्याआधी खालच्या काँक्रीटमध्ये ओल आहे का ते तपासा. मी मेंटेनन्सचा प्रमुख. माझ्या जमिनीवर दुसऱ्या खात्यातल्या बाईंनी बोट ठेवलं, ते मला तेव्हाच खटकलं. मालकांनी मला बंद क्लीनरूममध्ये बोलावून सांगितलं, “नवी फरशी तुम्ही निवडा. तुमचा कुणावर विश्वास बसत नाही, म्हणूनच हे काम तुमच्याकडे.” मी घरी येऊन हे कौतुक हिला सांगितलं. ही म्हणाली, ते बोलताना हसत होते का? (आठवेना. मास्क होता.)

मग विक्रेते आले. शेवटी दोघं उरले. एकाची जमीन ओतायची असते: दोन डबे एकत्र कालवायचे, काँक्रीटवर पसरायचे, वाळलं की एकसंध दगडासारखा थर, सांधा नाही, फट नाही. याचं नाव मी ओतीव ठेवलं. दुसऱ्याची जमीन व्हायनिल नावाच्या प्लास्टिकची, गुंडाळ्या करून येते. पट्ट्या अंथरून त्यांचे सांधे गरम तारेनं वितळवून जोडतात, आणि ती भिंतीपाशी न थांबता गोल वळण घेऊन वीतभर वर चढते, म्हणजे खोलीला खालचा कोपराच राहत नाही. (मला हे फार आवडलं. ज्या खोलीला कोपरा नाही तिथे कुणी कोपऱ्यात जाऊन कुजबुजणार नाही.) हा गुंडाळी. ओतीव मोजकं बोलायचा, म्हणजे काहीतरी दडवत होता. गुंडाळी फार बोलायचा, म्हणजे काहीतरी दडवण्यासाठी बोलत होता. ओतीव चहा नको म्हणाला. मी मनात म्हटलं, उपकार घ्यायला घाबरतोय. गुंडाळीनं दोन कप घेतले. मी मनात म्हटलं, याला इथे किती घरच्यासारखं वाटतंय!

दोघांच्या नमुन्यांची परीक्षा मी कारखान्यात घेतली नाही. तिथे कुणीही फेरफार करू शकतं. चौदा तुकडे घरी आणले, मागे खुणा केल्या आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडले. क्लीनरूममध्ये जमीन रोज जंतुनाशकानं पुसतात, तेव्हा प्रत्येक तुकड्यावर चार जंतुनाशकांचे थेंब, वर उलटी वाटी, आणि दर दोन तासांनी डाग पडला का ते बघायचं. घरातल्या सगळ्या वाट्या त्यात गेल्या. हिनं तीन दिवस आमटी कपातून वाढली आणि एक शब्द बोलली नाही, ज्यामुळे मी आणखी सावध झालो. चौथ्या दिवशी सात नंबरचा तुकडा पिवळा पडलेला दिसला. तो गुंडाळीचा होता. मी हिला शांतपणे विचारलं की माझ्या मागे इथे कोण येऊन गेलं. ही म्हणाली, हळद. (मी हळदीचा डबा तपासला. हळद होती. पण तो प्रश्न मी सोडलेला नव्हता.) त्यानंतर भरलेल्या बाटल्यांची स्टीलच्या चाकांची ट्रॉली घरी आणून प्रत्येक तुकड्यावरून दोनशे वेळा फिरवली. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी वर येऊन विचारलं की आम्ही घर सोडतो आहोत का. त्यांचा चेहरा आशेनं उजळला होता, हे मी नोंदवून ठेवलं आहे.

आता ताई, यापुढचं नीट वाच, कारण इथे मी घसरलो, आणि तेव्हा मला वाटत होतं की मी पकडतोय. ओतीवनं खोली पाहिली, बोट टेकवून पाहिलं आणि म्हणाला, आधी ओल तपासा, ओल असेल तर माझ्या थराला फोड येतील, मी हात लावणार नाही. दोन दिवसांनी गुंडाळी आला, विनोद केले, दोन कप चहा घेतला आणि म्हणाला, साहेब, ओल असेल तर डिंक सुटेल आणि पट्टी फुगेल, आधी तपासा. तू विचार कर. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन धंदेवाले, आणि शब्दाला शब्द जुळतो! आणि हेच शब्द त्याआधी जंतूबाईंनी लिहून दिलेले! तीन माणसं एकच गोष्ट सांगतात याचा सरळ अर्थ ती गोष्ट खरी असावी असा होतो, हे आज मला दिसतं. तेव्हा मला त्याचा अर्थ असा दिसला की तिघं आधी भेटलेले आहेत. त्यातच मी जंतूबाईंना आणि गुंडाळीला खिडकीपाशी हसताना पाहिलं. जंतूबाई हसतात हेच मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं.

मी मालकांना एक गोपनीय पत्र लिहिलं. त्यात म्हटलं की जमीन कोरडी ठणठणीत आहे, ओलीचं खूळ मुद्दाम काढलं आहे, आणि बुरशी मुळात खोलीत नसून जंतूबाईंच्या प्रयोगशाळेतच तबकड्यांना लागते आहे, कदाचित हलगर्जीपणानं, कदाचित दुसऱ्या कशानं. ‘दुसऱ्या कशानं’च्या खाली रेघ ओढली. मला वाटलं मालक ते वाचतील आणि कपाटात ठेवतील. त्यांनी ते बैठकीत, सगळ्यांसमोर, जंतूबाईंच्या हातात दिलं. बाईंनी पूर्ण वाचलं, घडी केली आणि म्हणाल्या, “तबकड्या बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवा. दोष कुठे आहे ते सिद्ध होईपर्यंत मी सही करणार नाही.” एवढंच. नऊ वर्षं ज्यांच्या सहीशिवाय एक बाटली बाहेर गेली नाही, त्या बाई महिनाभर वाचनालयात बसून जुने अहवाल लावत होत्या. जेवायच्या सुट्टीत त्यांच्या टेबलाशी कुणी बसेना. मीही नाही बसलो; मी समोरच्या टेबलावरून त्यांच्यावर लक्ष ठेवत होतो.

बाहेरचा निकाल आला. बुरशी तीच, आणि आमच्या बाईंनी मोजली होती त्याहून थोडी जास्तच. (मला वाटलं, बाहेरच्या प्रयोगशाळेतही त्यांची कुणी मैत्रीण असेल.) मालकांनी टाइल्स उखडायला लावल्या आणि मला म्हणाले, आता ओल तपासाच. ही परीक्षा सोपी असते. उघड्या काँक्रीटवर हातभर रुंद प्लास्टिक अंथरायचं, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावायची, एक दिवस तसंच ठेवायचं. खालून घाम आला तर ओल आहे. मी चिकटपट्टीवर चारी बाजूंनी सह्या केल्या, खोलीला कुलूप लावलं, किल्ली घरी नेली. दुसऱ्या दिवशी सह्या जागच्या जागी, आणि प्लास्टिकच्या आत थेंब. म्हणजे कुणीतरी दुसरी किल्ली करून, माझ्या सह्या न मोडता, आत पाणी सोडलं होतं! मी प्लास्टिक बदललं आणि रविवारी सकाळी सात वाजता स्टूल घेऊन स्वतः समोर बसलो.

दुपारी ही डबा घेऊन आली. (रविवारी कारखान्यात मी नेमका कुणासोबत आहे हे बघायला आली होती, असं तिनं नंतर कबूल केलं. म्हणजे संशयी मी एकटाच नाही या घरात.) रिकाम्या खोलीत, पांढऱ्या पोशाखात, एका चौकोनी प्लास्टिकसमोर बसलेला नवरा तिनं काचेतून पाहिला आणि दार वाजवलं. मी तिलाही टोपी, झगा, मास्क चढवून आत घेतलं. ती दहा मिनिटं माझ्या शेजारी उभी राहिली. मी सात तास पाहत होतो दाराकडे, खिडकीकडे, छतावरच्या जाळ्यांकडे, कोण येतंय म्हणून. तिनं पाहिलं खाली.

“अहो, याला घाम आलाय,” ही म्हणाली.

कुणीही आलं नव्हतं. दार बंद होतं. आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या प्लास्टिकच्या आतून एक एक थेंब फुगत होता. मी गुडघ्यावर बसलो. (तो हाच गुडघा.) जिच्यावर संशय घ्यायचा राहिला होता अशी तिथे एकच गोष्ट होती, जमीन.

सोमवारी गवंडी आला. माणूस अगदी मितभाषी. त्यानं कसलंही यंत्र काढलं नाही. बसून काँक्रीटवर तळहात ठेवला, जरा सरकवला, पुन्हा ठेवला, आणि असं करत करत कोपऱ्यापासून कपडे बदलायच्या खोलीपर्यंत एका सरळ रेषेत गेला. “साहेब, इथून नळ गेलाय.” मी नकाशा दाखवून सांगितलं की इथून नळ गेलेला नाही, नकाशात तो वरून, बाहेरच्या बोळातून फिरून जातो. त्यानं नकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि छिन्नी लावली. वीतभर खाली पाइप होता. हात धुवायच्या बेसिनला जाणारा. त्याच्या वळणाच्या सांध्यातून पाणी नुसतं पाझरत होतं. थेंबही नव्हे, ओलसर चमक. कितीतरी दिवसांपासून ती वर चढत होती आणि टाइल्सच्या फटींतून बुरशीला जेवू घालत होती.

मी खूश झालो, ताई! तुला खोटं कशाला सांगू. अखेर खरा गुन्हेगार निघाला होता, आणि तो माणूसच असणार होता. पाइप काही आपणहून जमिनीखाली शिरत नाही. मी मालकांना सांगितलं की हा वेडेपणा ज्यानं केला त्याला दोन दिवसांत हजर करतो. जुन्या फाइली काढल्या. धूळ झटकत, शिंकत, इतक्या आनंदानं मी कधी काम केलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी बेसिन बसवलं त्या वेळची फाइल सापडली. त्यात बदललेला नकाशा होता, आणि खाली लिहिलेलं: ‘वरून फिरवल्यास आठ दिवस जातील. जमिनीखालून सरळ न्यावा. जबाबदारी माझी.’ पुढे सही. सही माझी होती.

अर्थात आधी मी ती खोटी मानली. भिंग लावून पाहिली. पण माझ्या सहीच्या शेवटी दोन टिंबं असतात, एक वर एक खाली, जी कुणाला नक्कल करता येऊ नये म्हणून मीच शोधून काढली आहेत. दोन्ही टिंबं होती. आणि मग हळूहळू आठवलंही. घाई होती, टाइल्सवाले खोळंबले होते, एका प्लंबरनं हात जोडून सांगितलं होतं की साहेब, खालून नको. मला वाटलं होतं, याला जास्त दिवसांचं काम हवंय.

ती फाइल बॅगेत घालून मी दोन दिवस नुसता फिरलो. घरी हिला सांगितलं. मला वाटलं ही हसेल. ती हसली नाही. म्हणाली, “दुसऱ्याची सही निघाली असती तर दोन दिवस थांबला असता का?” मी तिसऱ्या दिवशी सकाळी मालकांकडे गेलो, जंतूबाईंनाही बोलवा म्हटलं, आणि फाइल टेबलावर ठेवली. “पाइप माझा आहे,” मी म्हणालो. जंतूबाईंनी नकाशा वाचला आणि विचारलं, “सांधा कधीपासून पाझरत असेल, काही अंदाज?” बस्स. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, आणि तोंडातून बाहेर आलं, “चौकशीअंती असं आढळून आलं आहे की...” आणि पुढचं अडलं. त्या उठून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांची सही सुरू झाली.

पाइप काढला, नवा बाहेरच्या बोळातून नेला (आठ नाही, सहाच दिवस लागले). काँक्रीट वाळायला सहा आठवडे गेले; ओल मोजायचं यंत्र मी गुंडाळीकडून मागून आणलं, ओतीवच्या यंत्राशी ताडून पाहिलं, दोघांचा आकडा सारखा आला, आणि या वेळी मी त्यावर काहीही बोललो नाही. शेवटी भरणीच्या खोलीत व्हायनिल घातलं, कारण तिथे कोपरा नको होता. बाटल्या धुवायच्या खोलीत ओतीव जमीन केली, कारण तिथे गरम पाणी सांडतं आणि जड ट्रॉल्या फिरतात. आता ओतीवला वाटतं मी गुंडाळीला मिळालो आहे आणि गुंडाळीला वाटतं मी ओतीवला मिळालो आहे. दोघंही माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात ती नजर मी ओळखतो. आरशात पाहिली आहे.

तपासनीस मागच्या सोमवारी येऊन गेले. खोली उघडली. चाळीस माणसं परत भरणीवर बसली. तबकड्यांत काही उगवलेलं नाही. सगळं सुरळीत आहे, तेव्हा माझी काळजी करू नकोस. भाऊजींना नमस्कार. खोकल्याचं खरं काय ते तू वेगळं लिही.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र एवढं लांबवलं ते खरं म्हणजे एका कारणासाठी. लहानपणी मी शेजाऱ्यांच्या खिडकीची काच फोडली की माफीची चिठ्ठी तूच लिहून द्यायचीस. तशी एक जंतूबाईंसाठी लिहून पाठव. मी गेल्या आठवड्यात नऊ मसुदे केले आणि नऊच्या नऊ आरोपपत्रं झाली. एकात तर मी त्यांना खुलासा मागितला आहे. चांगला जमलेला पाचवा होता, पण तो सापडत नाही. कुणी नेला याचा तपास चालू आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलेलं पुन्हा उघडावं लागलं (कोपरा सुटलेला दिसला तर तो मीच सोडवला आहे, पोस्टमनला बोलू नकोस). पाचवा मसुदा सापडला. नवी जमीन पुसायची कशी याची कार्यपद्धती मी जंतूबाईंकडे मंजुरीला पाठवली होती, त्या कागदांत तो माझ्याच हातून गेला होता. आज सगळं परत आलं. कार्यपद्धतीत त्यांनी लाल शाईनं अकरा चुका काढल्या आहेत. माफीच्या कागदावर एकच. ‘तथापि त्या वेळी उपलब्ध माहितीनुसार संशय अगदीच निराधार नव्हता’ या माझ्या शेवटच्या वाक्यावर आडवी रेघ, आणि समासात: ‘हे गाळल्यास मान्य.’ खाली सही आणि तारीख. मी अर्धा तास त्या ‘मान्य’च्या मागे काय असेल याचा विचार केला. मग वाक्य गाळलं, कागद स्वच्छ लिहिला आणि स्वतः नेऊन दिला. त्यांनी घेतला आणि म्हणाल्या, बसा. अकरा चुकांपैकी चार मला मान्य नाहीत; त्यावर उद्या दुपारी त्यांच्या टेबलाशी बसून बोलायचं ठरलंय.

तू मसुदा मात्र पाठवच. फक्त नावाची जागा कोरी ठेव. ही म्हणते, एक प्रत घरातही लागणार आहे.